चला बार्शी नाक्यावर, जीप उभी करायचीय

जुने कपडे घाला, परत आल्यावर गाडी पुसायला काढता येतील असेच. पायात बूट असू द्या, कारण तुम्ही उतरणार आहात तिथे जमिनीवर तारांचे तुकडे, गंजके बोल्ट आणि वेल्डिंगच्या गरम गोळ्या पडलेल्या असतात. मोबाइल घरीच ठेवा, तिथे त्याचा काही उपयोग नाही. १९९४चा मे महिना, बीडचा बार्शी नाका, सकाळचे साडेनऊ. बीड शहरात रेल्वे आलेली नाही. जे काही येतं-जातं ते डिझेलवर: एसटी, ट्रक, ट्रॅक्टर आणि जीप.

उतरलात? आता डोळ्यांआधी नाक कामाला लावा. डिझेलचा तेलकट वास तर आहेच. त्याखाली जळक्या ऑइलचा, तापलेल्या रबराचा आणि कुठून तरी लसणाचा. नाही, कुणी फोडणी टाकलेली नाही. तो कोपऱ्यात लोखंडी पिंप दिसतोय ना, त्यात कार्बाइडचे खडे पाण्यात पडतायत आणि वेल्डिंगचा गॅस तयार होतोय. हा वास एकदा नाकात बसला की आठवडाभर जात नाही.

गॅरेज म्हणजे एक पत्र्याचं शेड आणि त्यापुढे लिंबाचं झाड. शेडमध्ये दुपारी कुणी थांबत नाही, पत्रे इतके तापतात की आत श्वास चटके देतो. खरं काम झाडाखाली चालतं. रस्त्यापलीकडे रसवंतीच्या चरकाचे घुंगरू छनछन वाजतायत, हॉटेलात भज्यांचा घाणा पडलाय, आणि सोलापूरकडे जाणारा प्रत्येक ट्रक नाक्यावर हॉर्न दाबूनच पुढे सरकतो. लग्नसराई आहे, त्यामुळे टपावर बॅगा, ट्रंका आणि दोन-चार करवले बसवलेल्या जिपा एकामागून एक जातायत.

उस्ताद तुमच्याकडे बघून हात पुसतात. खाकी शर्टाला बॅटरीच्या ॲसिडने पडलेली भोकं आहेत, तळहाताच्या रेषांत काळं ऑइल कायमचं मुरलेलं आहे.

“या मालक. गाडी तुमचीच नं?”

हो म्हणा. आजच्या दिवसापुरती ती तुमचीच आहे.

ती बघा, महिंद्राची एमएम ५४०. नेकनूरकडच्या एका शेतात गोठ्याच्या आडोशाला काही वर्षं नुसती उभी होती. आता इंजिन बांधून झालंय, बॉडीवाल्याने पत्रे ठोकून नवा पांढरा रंग दिलाय, चासीला काळाभोर रंग मारलाय. परवा तिला वऱ्हाड घेऊन निघायचंय. पण बाई हटून बसली आहे. सेल, म्हणजे स्टार्टर, मारला तर नुसतं ‘टक्’ होतं. चालू झालीच तर आत धूर कोंडतो, डोळे चुरचुरतात. चढावर ओढत नाही. आणि ब्रेक दाबला की इंडिकेटर लुकलुकतो!

तुमचा हात पान्याकडे गेला ना? उस्ताद लगेच अडवतात. “आधी खोलायचं नाही मालक. आधी बघायचं.”

तर बघू. पण त्यासाठी ती चालू व्हायला हवी, आणि सेल तर घेत नाही. मग? उस्ताद हॉटेलाकडे बघून नुसता हात वर करतात. चहाचे कप बाकावर ठेवून माणसं उठून येतात. शाळकरी पोरं, एक कंडक्टर, आठवडी बाजाराला निघालेला एक म्हातारा. कुणी विचारत नाही गाडी कुणाची. तुम्ही स्टिअरिंगवर बसा. सीटचं रेक्झिन उन्हात तापलंय, मांड्या भाजतील. दुसरा गिअर टाका, क्लच पूर्ण दाबा. मागून “हं... जोर लावा!” असा आवाज येतो, जीप हलते, वेग धरते. “सोडा!” क्लच सोडा. गाडी हिसका खाते, इंजिन खोकतं, मागे पांढऱ्या धुराचा लोट उठतो आणि ढकलणारे सगळे त्यात दिसेनासे होतात. आणखी एक हिसका. मग खडखड, धडधड, आणि तिने धरलं!

पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, हे त्या म्हाताऱ्यालाही माहीत आहे. निळा धूर दिसला असता तर रिंगांतून ऑइल वर जातंय असं धरलं असतं. नव्याने बांधलेलं इंजिन आहे, निळा नाही, देवाची कृपा. पांढरा आता विरतोय, आणि रेस दिली की त्या जागी काळा येतोय. काळा म्हणजे डिझेलला पुरेशी हवा मिळत नाही. एअर फिल्टर तुंबला असेल, नोझल जास्त तेल सोडत असेल, किंवा जळलेला धूर बाहेर पडायलाच जागा नसेल. बाहेर जाणारं अडलं की आत येणारंही अडतं.

“उतरा लवकर. तापायच्या आधी.”

बोनेटखाली वाका. इंजिन अजून थंड आहे, म्हणून हीच वेळ. धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या जोडाजवळ हात फिरवा, चिकटवू नका. पहिल्या सिलेंडरपाशी काही नाही. दुसऱ्यापाशी काही नाही. तिसऱ्यापाशी तळव्यावर गरम फुंकर लागते, फुस् फुस् फुस्, इंजिनाच्या तालात. तिथे नीट बघा, हेडवर काजळीची काळी रेघ उमटली आहे. पॅकिंग फुटलंय, आणि वरचा एक स्टड तुटून आतच राहिलाय. दहा मिनिटांनी आला असतात तर मॅनिफोल्ड इतकं तापलं असतं की हात नेता आला नसता.

आता मागे जा. ओलं गोणपाट घडी करून सायलेन्सरच्या तोंडावर दाबून धरा. घाबरू नका, थोडा वेळच. धूर कोंडला की खालच्या पाइपातून जिथे-जिथे भोक आहे तिथून शिट्ट्या ऐकू येतात. गॅरेजमधला पोऱ्या जमिनीवर आडवा होऊन कान लावतो आणि खडूने खुणा करतो. एक, दोन, आणि सायलेन्सरच्या पोटाखाली तिसरी. मग उस्ताद लाकडी हातोडीने त्या पोटावर हलकेच ठोकतात. आतून खळखळ ऐकू येते. आतल्या जाळ्या गंजून सुटल्या आहेत आणि वाट अडवून बसल्या आहेत.

इतकं का गंजावं? तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, म्हणून कानात सांगतो. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने तयार होतं, आणि थंड सायलेन्सरमध्ये ते साचतं. शिवाय या काळातल्या डिझेलमध्ये गंधक १ टक्क्यापर्यंत असू शकतं, म्हणजे दहा लाख भागांत दहा हजार. तुमच्या २०२०नंतरच्या डिझेलमध्ये ते दहा लाखांत फक्त १० आहे. गंधक आणि पाणी मिळून आम्ल होतं आणि पत्रा आतून खातं. आत्ता डोळ्यांत जे झोंबतंय, त्यातही या गंधकाचा हात आहे.

आता गाडी बंद करा. किल्ली फिरवा.

बंद होत नाहीये ना? बाजूची पोरं हसतायत, हसू द्या. या डिझेल इंजिनाला चालायला वीज लागतच नाही. पंप डिझेल दाबतो, हवा दाबाने तापते, डिझेल पेटतं. किल्ली काढून खिशात टाकली तरी इंजिन मांजरसुंब्यापर्यंत जाईल. बंद करायला डॅशबोर्डवरची ‘स्टॉप’ची नॉब ओढायची असते, तिची तार पंपावरचा दांडा खेचते आणि डिझेल तोडते. ओढा. जोर लावा. फार घट्ट आहे ना? ही घट्ट नॉब लक्षात ठेवा, दुपारी तिची गरज पडेल.

स्टड काढणं हे या कामातलं सगळ्यात जिकिरीचं. उस्ताद “बिस्मिल्ला” म्हणतात, तुटक्या स्टडवर एक नट धरतात आणि वेल्डिंगने त्याला जोडतात. चष्मा नसेल तर मान फिरवा! नट लालभडक झालाय. थोडा निवल्यावर त्यावर रॉकेलचे थेंब पडतात, चर्र आवाज येतो, मग पाना लावून किंचित पुढे, किंचित मागे. जोर केला तर स्टड आणखी आत तुटतो आणि हेड उतरवावं लागतं. आजूबाजूला सगळे गप्प झालेत, रसवंतीवालासुद्धा चरक थांबवून बघतोय. कुई... असा बारीक आवाज. फिरला.

नवा सायलेन्सर औरंगाबादहून एसटीने मागवला तर उद्या संध्याकाळी येणार, आणि लग्न परवाचं. म्हणून जुन्याचंच पोट गॅसने कापून उघडतात. आतून मूठ-मूठ काजळी आणि गंजलेल्या जाळ्यांचे पापुद्रे निघतात. भोकं पाडलेला नवा पाइप आत बसतो, पोट परत शिवलं जातं. जोडांवर ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळायला पोऱ्या पुढे येतो तेव्हा त्याला म्हणा, दोरी ओली करून घे आणि तोंडाला फडकं बांध. या गॅरेजात अजून कुणाला त्या धुळीची भीती वाटत नाही, तुम्हाला मात्र माहीत आहे.

दुपार झाली. हात डिझेलने धुवा, मग लाकडाचा भुसा आणि निरमा, मग माठातलं पाणी जपून. टँकर संध्याकाळी येईल. डबे उघडलेत: ज्वारीची भाकरी, लसणाचा ठेचा, कांदा, पिठलं. तुम्हाला न विचारता अर्धी भाकरी तुमच्या हातावर आली आहे. कार्बाइडच्या वासात खरा लसूण ओळखू येतो का ते बघा. लिंबाच्या सावलीतही वारा भट्टीतून आल्यासारखा आहे, पण जेवण झाल्यावर डोळा लागेल, लागू द्या.

उठा. मॅनिफोल्ड बसलंय, सायलेन्सर लागलाय. आता वायरी.

पोऱ्याने डॅशबोर्डचा पत्रा उतरवलाय. आत बघितलंत का? उंदरांनी वायरी कुरतडून त्यांचं घरटं केलंय, कापसाच्या सरकीसकट. वायरीचा रंग ओळखून एकेक तुकडा जोडायचा, कथील लावायचं, काळी टेप गुंडाळायची. या कामात बोलण्यासारखं काही नाही, नुसता घाम आहे, आणि तो थेट डोळ्यांत उतरतो. चार्जिंगचा दिवा लागत नव्हता, त्याचा एवढासा बल्ब गेला होता. तो बदलून घ्याच, कारण त्या बल्बातून जाणाऱ्या करंटवरच अल्टरनेटर जागा होतो. बल्ब गेला तर अल्टरनेटर फिरत राहतो आणि बॅटरी उपाशी मरते.

बॅटरी आता ट्रॅक्टरवाल्याची भरलेली लावली आहे. किल्ली फिरवा.

‘टक्.’

परत.

‘टक्.’ आणि डॅशबोर्डखालून धूर. थांबा, हुंगा. हा सकाळचा वास नाही. डोळे चुरचुरत नाहीत. हा जळक्या प्लास्टिकचा आहे. सकाळी आत कोंडणाऱ्या धुरात दोन धूर होते, हे आता कळलं: एक मॅनिफोल्डचा, आणि एक हा. उस्तादांचा चेहरा उजळलाय, त्यांना चोर दिसला. “ती स्टॉपची नॉब धरा मालक. हळू.”

चटका बसला ना? नॉब तापली आहे. तार जिथून जाते तिथलं प्लास्टिक वितळून तिला चिकटलंय, म्हणूनच सकाळी ती इतकी घट्ट होती. पण डिझेल बंद करणाऱ्या साध्या तारेत वीज कुठून आली?

आता या दिवसातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट बघा. उस्तादांकडे मीटर नाही. एक १२ व्होल्टचा बल्ब, त्याला दोन वायरी, बस्स. एक वायर बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनाच्या लोखंडाला. दोन्ही एकच अर्थिंग, त्यामुळे बल्ब लागायला नको. “मारा सेल.” तुम्ही किल्ली फिरवता, आणि बल्ब भर उन्हात लख्ख पेटतो.

म्हणजे इंजिन आणि बॅटरी यांच्यात अर्थिंगच नाही. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, चासीला ते थेट टेकत नाही. म्हणून तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी इंजिनापासून चासीपर्यंत जोडलेली असते. हेडलाइटचा एक बल्ब पाचेक अँपिअर खातो, सेल मात्र दोनशेच्या वर ओढतो, आणि तेवढा करंट या पट्टीतून परत बॅटरीत जायचा असतो. पट्टीची वाट बंद झाली तर तो दुसरी शोधतो. इथे त्याला स्टॉपची तार सापडली: एक टोक पंपाला, दुसरं डॅशबोर्डला. बिचारी तापून लाल होण्याच्या बेतात होती.

पण पट्टी तर नवी आहे, बोल्टही घट्ट आहे. उस्ताद बोल्ट सोडतात आणि नखाने खालचा काळा रंग खरवडतात. “रंग लई झ्याक मारलाय. अर्थिंग मारून टाकली.”

बॉडीवाल्याने चासी मन लावून रंगवली, एक इंचही सोडला नाही, आणि पट्टी त्या रंगावरच कसली गेली. जुन्या गाड्या नव्या करताना हेच सर्रास घडतं, तुमच्या काळातही. रंगवलेली गाडी बंद पडली की माणसं बॅटरी बदलतात, सेल बदलतात, पैसे घालतात, आणि दोष असतो रंगाच्या पातळ थरात. मागच्या दिव्यांनाही तेच झालंय. ब्रेकच्या करंटला बॉडीतून परतायची वाट नाही, म्हणून तो इंडिकेटरच्या बल्बातून उलटा फिरतो. ती लुकलुक आता उमगली?

कानस घ्या आणि तुम्हीच घासा. चासीवर रुपयाएवढं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. मागे दोन्ही दिव्यांखालीही. पट्टी बसवा, बोल्ट कसा, वर ग्रीस फासा म्हणजे गंज धरणार नाही. स्टॉपला नवी तार ओवा.

हिटर प्लग? तेही बघितले. एकेक काढून बॅटरीला थेट लावला, तीन लाल झाले, एक काळाच राहिला. तो बदलला. मे महिन्यात एकाने फारसं अडत नाही, पण बालाघाटावरच्या पौषातल्या पहाटे अडतं.

बसा. किल्ली अर्धी फिरवा, हिटरचा दिवा विझू द्या. आता सेल.

घर्र... आणि पहिल्या झटक्यात चालू! धडधड आहे, पण गोल, एकसारखी. आत धूर नाही. झाडाखालची पोरं टाळ्या वाजवतायत, म्हातारा परत जाताना थांबलाय आणि मान डोलावतोय.

हे २११२ सीसीचं इंजिन मुळात फ्रान्सच्या प्यूजोचं. महिंद्राने ते इगतपुरीला बनवायला घेतलं आणि इथल्या मिस्त्र्यांनी त्याला ‘पिजो’ करून घरातलं केलं. याच कुळातलं इंजिन प्यूजो ५०४ मोटारीत बसून आफ्रिकेतल्या टॅक्सीस्टँडवर धावलं. तिथल्याही कुणा मिस्त्रीने असाच तळवा मॅनिफोल्डजवळ फिरवला असेल, याची मला खात्री आहे. पुस्तक न वाचता, कान, नाक आणि कातडीच्या जोरावर दोष पकडणारी ही माणसं होती म्हणून रेल्वे नसलेला हा मुलूख दवाखान्यापर्यंत, कोर्टापर्यंत, लग्नापर्यंत वेळेत पोचला. त्यांच्या नावाची पाटी कुठे नाही. असायला हवी होती.

परीक्षा अजून व्हायची आहे. उस्ताद शेजारी बसलेत, मागे आठ-दहा जण आपणहून चढलेत, ओझं लागतंच. बार्शी रोडने दक्षिणेला काढा. पालीजवळ बिंदुसरेचं धरण लागेल, पाणी तळाशी गेलंय, काठच्या भेगाळल्या गाळात म्हशी बसल्यात. लू तोंडावर आदळतेय, दात मातीने करकरतायत. आणि समोर मांजरसुंब्याचा घाट.

तिसऱ्या गिअरवर घ्या. दम तुटतोय असं वाटलं की दुसरा. पुढे रिकामा ट्रक कण्हत चढतोय, त्याचा धूर खात खात मागे राहा. उस्ताद रस्त्याकडे बघतच नाहीत, त्यांचे डोळे आरशात आहेत. गिअर बदलताना मागे काळी पुसट रेघ उठते आणि लगेच विरते. “ठीक.” टेंपरेचरचा काटा मध्यावर. “ठीक.” मग ते तळवा डॅशबोर्डखाली घालतात, स्टॉपच्या तारेला लावतात आणि तिथेच ठेवतात. गार आहे.

वर पोचलात. एका बाजूला पाटोद्याचा रस्ता, दुसऱ्या बाजूला केज-अंबाजोगाईचा, आणि चौकात जिपांची हीऽऽ गर्दी. हॉटेलात सगळ्यांना चहा तुमच्याकडून. इंजिन बंद करा. किल्ली नव्हे, नॉब. दोन बोटांनी ओढली जाते.

मजुरी आधी ठरलेली नाही. उस्ताद विचारल्यावर “द्या जे द्यायचं ते” म्हणतील. घासाघीस करू नका. पोऱ्याला वेगळे द्या. आणि जीप घरी नेऊन उभी कराल तेव्हा बॅटरीची वायर काढून ठेवा, उंदरांचा बंदोबस्त करा, आणि मृग लागायच्या आधी ती अर्थिंगची पट्टी सोडून पुन्हा एकदा घासून घ्या.